शाळेला सांगितलं तर शिक्का बसेल का?

अहवाल येऊन चार महिने झाले होते आणि तो कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवलेला होता. "मॅडम, शाळेला सांगितलं तर पोरावर कायमचा शिक्का बसेल. नाही सांगितलं तर रोज बोलणी खातोय. करू काय?" चौथीतल्या मुलाची आई विचारत होती. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक याच कात्रीत सापडलेले असतात. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

मुलाला डिस्लेक्सिया होता. म्हणजे अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड चटकन बसत नाही, वाचन-लेखन मागे पडतं. बुद्धी कमी असते असं नाही. आईला हे नीट समजलं होतं. गाडी अडली होती शाळेशी बोलण्यावर. एकदा शाळा सुटताना गर्दीत तिने वर्गशिक्षिकेला गाठलं आणि तिच्या तोंडून गेलं, "तुमचं त्याच्याकडे लक्षच नसतं." उत्तर आलं, "घरी अभ्यास घेता का त्याचा?" दोघीही दुखावल्या आणि मुलाचा विषय तिथेच राहिला.

मी म्हटलं, पुढच्या वेळी त्याची वही घेऊन या.

फळ्यावरून उतरवलेलं एक पान आम्ही तिघं बघत बसलो. पहिल्या दोन ओळी नेटक्या. तिसरीत एक शब्द दोनदा. चौथी ओळ मध्येच तुटलेली, आणि तिथे खोडरबराने घासून घासून कागद विरला होता. खाली लाल शाईत 'अपूर्ण'. इथे काय झालं, असं मी मुलालाच विचारलं. "वर बघतो, दोन अक्षरं लक्षात ठेवतो, खाली लिहितो. परत वर बघितलं की जागाच सापडत नाही. तोवर बाई फळा पुसतात." त्याच धड्याबद्दल विचारल्यावर मात्र त्याने न अडखळता सगळं सांगितलं.

आईला म्हटलं, शाळेला सांगायचं ते हेच. निदानाचं नाव सांगायचंच, लपवायचं नाही. पण नुसत्या नावावरून उद्या वर्गात काय करायचं ते बाईंना कळत नाही. 'दोन अक्षरं घेतो आणि जागा हरवते' यावरून कळतं. आणि शिक्क्याचं म्हणाल, तर तो केव्हाच बसलाय. कुणाला कारण माहीत नाही म्हणून 'आळशी', 'लक्ष नाही' हे शिक्के रोज वहीत उमटताहेत.

मग पत्र लिहायला घेतलं. तिचा पहिला खर्डा तीन पानी, त्यातली दोन पानं तक्रारींची. ती लिहून होणं गरजेचंच होतं, इतके महिने साठलं होतं ते. पण ती पानं घरी ठेवली. उरलेल्या एका पानात मुलाला काय छान जमतं, नेमकं कुठे अडतं आणि घरी कशाने सोपं जातं, एवढंच राहिलं. मागण्या दोनच, सहा आठवड्यांपुरत्या: फळ्यावरच्या मजकुराची प्रत त्याच्या हातात मिळावी, आणि अचानक उठवून मोठ्याने वाचायला सांगू नये. सोबत अहवालातलं शिफारशींचं पान. आकड्यांची पानं पहिल्याच भेटीत पुढे टाकू नयेत असं माझं मत आहे. लोक गुणांकात अडकतात.

"जास्त मागतेय का हो मी?" तिने विचारलं. नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारात, शिक्षणावरच्या 24 व्या कलमात, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करण्याचं तत्त्व स्पष्ट लिहिलेलं आहे. हे उपकार नव्हेत.

पत्राच्या शेवटी मी एक प्रश्न घालायला लावला: 'तुम्हाला वर्गात तो कसा दिसतो?' यामागे एक जुनी गोष्ट आहे. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी वाचता न येणाऱ्या 14 वर्षांच्या एका हुशार मुलाची नोंद प्रसिद्ध केली. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत त्यात नोंदवलंय. तासन्‌तास वर्गात बघणाऱ्या माणसाला जे दिसतं, ते चाचणीतही दिसेलच असं नाही.

या वेळी गेटवर नाही, वेळ ठरवून वीस मिनिटं भेट झाली. बाई म्हणाल्या, "तोंडी प्रश्नाला पहिला हात याचाच वर असतो. म्हणून तर मला वाटायचं, लिहायचाच कंटाळा करतो." मुलाची एक अट होती: सगळ्यांसमोर वेगळा कागद नको. बाईंनी तो आधीच त्याच्या वहीत ठेवायला सुरुवात केली. निघताना ठरलेलं सगळं आईने त्याच संध्याकाळी चार ओळींत लिहून पाठवलं. नुसतं तोंडी ठरलेलं महिन्याभरात विरतं.

सहा आठवड्यांनी कागदाचा उपयोग दिसला. वाचनाची भीती तशीच होती, म्हणून उतारा आदल्या दिवशी घरी द्यायचं ठरलं.

पुढच्या वर्षी बाई बदलल्या. पत्र पुन्हा लिहावं लागलं. या वेळी खाली एक ओळ त्याने स्वतः लिहिली: 'वाचायला सांगणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, मी तयारी करून येइन.' 'येइन'मधला 'इ' दुरुस्त करायला आईने पेन उचललं. मी म्हटलं, राहू द्या तसंच.