लाजाळूला मोटर लागत नाही

प्रिय मित्रा,

बागेतल्या हलत्या शिल्पासाठी तू काढलेली तिन्ही रेखाटनं मिळाली. सूर्यफुलावर तू सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली दिसते, आणि नेमकं तेच बाजूला ठेव असं सांगायला हे पत्र. माणूस जवळ आला की सेन्सर ओळखणार, मोटर पाकळ्या उघडणार. उद्घाटनाला टाळ्या पडतील. मग एखाद्या पावसाळ्यात मोटरच्या खोक्यात पाणी शिरेल आणि अर्धवट उघडलेलं पत्र्याचं फूल बागेत नुसतं उभं राहील. दुरुस्तीला कोण येणार, हे तुझ्या आराखड्यात कुठेच नाही.

शिवाय सूर्यफूल काही माणसाला बघून उमलत नाही. लाजाळू मात्र हात लागताच मिटते. पानांच्या बुडाशी बारीक फुगवटे असतात, त्यांतल्या पेशींमधलं पाणी सरकतं आणि पान खाली येतं. पाइनचं वाळलेलं फळ तर झाडावरून गळल्यावरही दमट हवेत मिटतं, कोरड्या हवेत उघडतं, कारण त्याच्या खवल्यांचे दोन थर ओलाव्याने सारखे फुगत नाहीत. अशी एखादी हालचाल उचल. आकार मागून सुचेल.

इंग्लंडमध्ये बर्नलीजवळच्या टेकडीवर २००६ पासून सिंगिंग रिंगिंग ट्री, म्हणजे गाणारं, वाजणारं झाड, नावाचं शिल्प उभं आहे. जस्त चढवलेल्या पोलादी नळ्यांचं, ३ मीटर उंच, वाऱ्याने वाकल्यासारखं. काही नळ्या नुसत्या आधाराला, काहींना खाचा. वारा सुटला की त्यांतून सूर निघतात. वीज नाही, बटण नाही.

म्हणून मला तुझं तिसरं चित्र आवडलं, ज्याला तू कोपऱ्यात जागा दिलीस. लोंबणाऱ्या शेंगा, ढकलल्या की आतलं बी खुळखुळणार. बाभळीच्या वाळक्या शेंगा कानाशी हलवल्या नाहीत असं मूल विरळा. फक्त एक धरून चाल: तू हलवायला केलेल्या शेंगेला मुलं लोंबकळणार. दोघं एकदम. टांगणीचा हिशेब त्यांच्या वजनाचा कर. एक शेंग चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल इतकी खाली घे. आणि स्थिर भागांत ८९ ते २३० मिलिमीटरची फट ठेवू नकोस. त्यातून मुलाचं अंग जातं, डोकं अडकतं. खेळाच्या साधनांचे नियम याच मापांवर अडून बसतात, आणि बरोबर करतात.

माझी एक फजिती सांगते. पहिल्या शिल्पाचं खोड पोकळ होतं आणि तळाशी पाणी निघायला भोकं ठेवायची मी विसरले. दोन वर्षांनी बघायला गेले तर रंग नवाकोरा. बुंध्यावर अंगठा दाबला, तो सरळ आत गेला. पत्रा आतून कुजला होता. तेव्हापासून कुठलीही पोकळ वस्तू दिसली की मी आधी वाकून तिचं बूड बघते. लोक हसतात.

पुठ्ठ्याची एक शेंग खऱ्या मापाची कर, दोरीने टांग आणि लांब बसून बघ. कुणाला काही समजावू नकोस. आणि आत काय घालणार ते कळव. लोखंडी गोळ्या गंजून एकमेकींना चिकटतात, लाकडी मणी ओलाव्याने फुगतात. भाजलेल्या मातीचे मी अजून करून पाहिले नाहीत.

तुझी,
ताई