एवढी तापवलेली वाफ थंड का करता?

प्रश्न : चंद्रपूरला जाताना वीजकेंद्राच्या कमरेत बारीक असलेल्या मनोऱ्यांतून पांढरा धूर दिसतो. कुणी म्हणतं, ती वाफ आहे. मग कोळसा जाळून केलेली वाफ वाया का घालवता?
– एक वाचक, वरोरा

उत्तर : वाफच आहे, पण टर्बाइनची (वीज बनवण्यासाठी वाफेने फिरणाऱ्या चाकाची) नव्हे. धूर निघतो तो शेजारच्या उंच, सरळ चिमणीतून. मी बॉयलरवर नोकरी केली. आलेला प्रत्येक पाहुणा हेच विचारायचा.

कोळसा मिलमध्ये पिठासारखा दळून हवेबरोबर भट्टीत फुंकतात. नळ्यांतल्या पाण्याची सुमारे ५४० अंश सेल्सिअसची वाफ होते. ती डोळ्यांना दिसतच नाही! गळती झाली की नुसती कर्कश शिट्टी. लांब काठीला फडकं बांधून आम्ही जागा शोधायचो. हात पुढे करायची कुणाची बिशाद नव्हती. ही वाफ टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांनी फिरवते, म्हणून वीज ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनांची).

आता मुद्द्याचं. काम झालेली वाफ कंडेन्सरमध्ये गार नळ्यांवर पाणी होते. आकारमान आटल्याने तिथे जवळपास निर्वात तयार होतो आणि टर्बाइनला वाफेतून जास्त काम मिळतं. शिवाय पाणी पंपाने बॉयलरमध्ये ढकलणं स्वस्त; वाफच दाबून परत पाठवायची तर कमावलेली बरीचशी वीज तिथेच खर्ची पडेल. गार नळ्यांतलं पाणी मूळचं इरई धरणाचं. ते तापतं, मनोऱ्यात निवतं, थोडं उडून जातं. तुम्हाला दिसतं ते हेच. वाया जाते ती उष्णता, आणि तीही कोळशातली जवळपास निम्मी.