पहिल्या योग शिबिराची बॅग

पहिल्यांदाच निघालात, छान! बॅग मात्र लहानच ठेवा. नवखे हमखास दोन चुका करतात: ढीगभर कपडे नेतात आणि नवीकोरी मॅट थेट तिथेच उघडतात. नव्या मॅटवर बरेचदा हात सरकतात. अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीवर टेकवून कंबर वर उचलतात ते आसन) तळवे पुढे पुढे जातात आणि सगळं लक्ष तिकडेच. तेव्हा निघण्याआधी आठवडाभर घरी वापरा. मॅट तिथे मिळते का, हेही विचारून घ्या. मिळत असेल तर वर अंथरायला सुती टॉवेल पुरे.

कपड्यांचं म्हणाल तर:
- अंगाबरोबर बसणारे सुती टी-शर्ट. ढगळ असले की वाकल्यावर तोंडावर येतात.
- पातळ शाल किंवा स्वेटर. शवासनात अंग गार पडतं, हे आधी कुणी सांगत नाही!
- पटकन काढता येतील अशा चपला.

बाकी पाण्याची बाटली, रोजची औषधं, टॉर्च. अत्तर घरीच राहू दे, प्राणायामाच्या वेळी शेजाऱ्याला त्रास होतो. पाठीचं, गुडघ्याचं दुखणं असेल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा, लाजू नका.

आसनांत आधाराला घेतात ते ब्लॉक नि पट्टे, नाक धुण्याचं नेतीपात्र यांच्या मागे आत्ता लागू नका. लागलंच तर बरेचदा तिथेच मिळतं.