धमनीच्या भिंतीत नेमकं काय चालतं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही हृदयविकारामागच्या जीन्स, प्रोटीन्स आणि नव्या औषधांबद्दल प्रश्न मागवले होते. भरपूर आले. जे बऱ्याच जणांनी विचारलेत ते आधी घेतेय.

ताई, माझ्या मोठ्या भावाच्या अँजिओग्राफीत एका ठिकाणी फक्त 30 टक्के ब्लॉकेज दिसलं होतं. स्टेंटची गरज नाही म्हणून सांगितलं, आणि नंतर त्याच जागी अटॅक आला. एवढ्याशा ब्लॉकेजने अटॅक येतो तरी कसा?

दादा, आधी भावाची तब्येत आता ठीक असेल अशी मनापासून आशा करते. तुमचा प्रश्न अगदी मुळावरचा आहे. आपल्या डोक्यात चित्र असं असतं की चरबी धमनीच्या आतल्या बाजूला थर धरते, थर वाढत जातो आणि एक दिवस रस्ता बंद. पण साचण्याचं काम पोकळीत होत नाही, ते भिंतीच्या आत होतं. एलडीएलचे, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो त्याचे कण आतल्या नाजूक अस्तराखाली शिरतात, तिथल्या जाळीत अडकतात, त्यांच्यात रासायनिक बदल होतात, मग अस्तराच्या पेशी पृष्ठभागावर व्हीकॅम-1 नावाचं प्रोटीन आणतात आणि त्याला धरून रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत घुसतात. आत गेल्या की त्या मॅक्रोफेज बनतात आणि कोलेस्टेरॉल गिळत सुटतात, इतकं की मायक्रोस्कोपखाली फेसाने भरल्यासारख्या दिसतात, म्हणून त्यांचं नावच फोम सेल. त्यातल्या कित्येक तिथेच मरतात आणि मध्ये मऊ, मेलेला गाभा तयार होतो.

या गाभ्यावर कोलॅजनचं एक झाकण असतं, ते भिंतीतल्या स्नायूपेशी विणतात. दाह, म्हणजे इंग्रजीत ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात तो, जास्त असेल तर मॅक्रोफेज मेटॅलोप्रोटिनेज नावाची एन्झाइम्स सोडून हेच कोलॅजन कुरतडतात. झाकण पातळ होतं, फाटतं, आतला माल रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी. अटॅक बहुतेक वेळा या गुठळीने येतो.

मग अँजिओग्राफीत कमी का दिसलं? कारण त्यात डाय जिथून वाहतो ती पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. सिमॉर ग्लॅगोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मृत व्यक्तींच्या कोरोनरी धमन्या तपासून दाखवलं की प्लाक, म्हणजे भिंतीतला हा साठा, वाढतो तशी धमनी बाहेरच्या बाजूला फुगते, आणि प्लाकने साधारण 40 टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी जवळपास तेवढीच राहते. म्हणजे 30 टक्के ब्लॉकेजमागे मोठा, मऊ, पातळ झाकणाचा प्लाक असू शकतो. म्हणून स्टेंट टाकला किंवा नाही टाकला तरी स्टॅटिन चालू ठेवायला सांगतात, कारण ती गोळी सगळ्याच धमन्यांच्या भिंतींवर काम करते, एलडीएल खाली आणते आणि झाकण टिकाऊ व्हायला मदत करते.

कोलेस्टेरॉलसाठी वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणे. ते जीनवर काम करतं असं वाचलं आणि घाबरलो. आपला डीएनए बदलतो का?

नाही बदलत. कसं ते नीट सांगते, कारण ही सगळी गोष्ट मला या क्षेत्रातली सगळ्यात सुंदर वाटते.

लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर असतात. मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी डॅलसमध्ये 1970 च्या दशकात ते शोधले, 1985 चं नोबेल त्यासाठीच. त्यांनी सुरुवात केली ती लहान वयातच अटॅक येणाऱ्या मुलांच्या त्वचेच्या पेशींपासून. निरोगी माणसाच्या पेशी एलडीएल बाहेरून आत घेत होत्या, या मुलांच्या पेशींना ते जमतच नव्हतं. रिसेप्टर एलडीएलला धरून पेशीच्या आत जातो, तिथे त्याला सोडतो आणि रिकामा पुन्हा वर येतो, एक फेरी साधारण 10 मिनिटांची, आणि अशा शेकडो फेऱ्या.

आता 2003 मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत असं दिसलं की एलडीएल भयंकर वाढलेलं, पण रिसेप्टरचा जीन ठणठणीत. दोष निघाला पीसीएसके9 नावाच्या दुसऱ्याच जीनमध्ये. हे प्रोटीन रिसेप्टरला चिकटतं आणि त्याला वर परत येऊच देत नाही, पेशीच्या आत नष्ट व्हायला पाठवतं. या कुटुंबांत ते गरजेपेक्षा जास्त काम करत होतं. मग डॅलसमधल्याच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला, की हा जीन बंद पडलेली माणसं असतील का? सापडली. 2006 मध्ये त्यांनी छापलं की अमेरिकेतल्या ज्या कृष्णवर्णीय लोकांत या जीनची एक प्रत जन्मापासून बंद होती त्यांचं एलडीएल 28 टक्के कमी आणि हृदयविकाराचं प्रमाण 88 टक्के कमी. दोन्ही प्रती बंद असलेली एक बाईसुद्धा सापडली, एलडीएल फक्त 14 आणि तब्येत उत्तम! औषध बनवणाऱ्यांना याहून मोठा धीर कुठून मिळणार, निसर्गानेच सुरक्षिततेचा पुरावा देऊन ठेवला होता.

2015 मध्ये या प्रोटीनला पकडणारी अँटिबॉडी इंजेक्शनं आली, ती दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने घ्यावी लागतात. तुम्ही वाचलंय ते इन्क्लिसिरॅन. त्यात आरएनएचा एक छोटा तुकडा असतो आणि त्याला साखरेचे रेणू जोडलेले असतात, लिव्हरच्या पेशी नेमकी ती साखर ओळखून त्याला आत घेतात. आत गेल्यावर तो पीसीएसके9 चा एमआरएनए, म्हणजे जीनवरून उतरवलेली प्रत, कापून टाकतो. मूळ डीएनए केंद्रकात जसाच्या तसा, त्याला हातही लागत नाही. पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी. घेणं थांबवलं की परिणाम हळूहळू ओसरतो.

डीएनएमध्येच कायमचा बदल करणारी, बेस एडिटिंगची औषधं वेगळी आहेत. ती अजून ट्रायलमध्ये आहेत आणि त्यांच्याबाबतीत तुमची काळजी रास्त आहे, एकदा केलेला बदल मागे घेता येत नाही म्हणून तिथे लांब काळ लक्ष ठेवूनच पुढे जायला हवं असं माझं ठाम मत आहे.

उंदरांवर प्रयोग यशस्वी झाल्याच्या बातम्या येतात, माणसांपर्यंत काहीच येत नाही. असं का?

पहिली गोष्ट म्हणजे साध्या उंदराला हा आजार होतच नाही. त्याच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात त्यात असतं. 1992 मध्ये रक्तातलं कोलेस्टेरॉल हटवायला मदत करणारा एपोई जीन काढून टाकलेले उंदीर तयार केले तेव्हा कुठे त्यांच्या धमन्यांत प्लाक दिसायला लागले. पण तिथेही झाकण फाटून गुठळी होणं, म्हणजे माणसाला जे मारतं तेच, क्वचित होतं. म्हणून उंदरात प्लाक कमी झाला ही बातमी आशेची असते, पण फक्त सुरुवातीची.

तरी काहीच येत नाही हे काही मला मान्य नाही. दाह हा आजाराचा भाग आहे हे आधी उंदीर आणि पेशींवरच्या कामातून पुढे आलं. मग 2017 मध्ये कँटोस ट्रायलचा निकाल आला, अटॅक येऊन गेलेल्या 10,061 लोकांची. इंटरल्यूकिन-1 बीटा हा दाहाचा रेणू अडवला, एलडीएलला धक्काही लावला नाही, तरी 150 मिलिग्रॅमच्या डोसने अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 15 टक्के कमी झाले. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले, म्हणून ते औषध हृदयासाठी बाजारात आलं नाही. त्याच विचारातून गाउटची, म्हणजे सांधे सुजण्याच्या एका आजाराची जुनी गोळी कोल्चिसिन तपासली गेली आणि 2023 मध्ये अमेरिकेत तिच्या 0.5 मिलिग्रॅम डोसला हृदयविकारासाठी मान्यता मिळाली. किडनी किंवा लिव्हरचा त्रास असेल तर ती धोक्याची ठरू शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

चांगलं कोलेस्टेरॉल वाढवायची गोळी का नाही?

होती. टॉर्सेट्रॅपिबने एचडीएल खूप वाढवलं, पण घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि 2006 मध्ये ट्रायल थांबवावी लागली. पुढे 2012 मध्ये हेही दिसलं की ज्यांचं एचडीएल जन्मजात जीनमुळे थोडं जास्त असतं त्यांना अटॅकपासून वेगळं संरक्षण मिळत नाही. रिपोर्टमधल्या एचडीएलच्या आकड्यावर निर्धास्त राहू नका.

मी एमएस्सी बायोटेकला आहे. अस्तराच्या पेशींचं महत्त्व कळलं कधी?

रॉबर्ट फर्चगॉट यांचा 1980 चा पेपर शोधून वाच, खरंच वाच. सशाच्या महाधमनीची पट्टी द्रावणात टांगायची आणि असिटिलकोलीन टाकायचं, तर कधी ती सैल पडायची, कधी उलट आकसायची. औषध तेच, धमनी तीच. फरक निघाला पट्टी कापतानाच्या हाताळणीत. आतली बाजू घासली गेली की अस्तर निघून जायचं आणि सैल पडणं बंद. त्यांनी मग अस्तर नसलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला चिकटवून ठेवली आणि ती पुन्हा सैल पडली, म्हणजे अस्तरातून काहीतरी निघून शेजारी पोचत होतं! ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. अँजायनात, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं तेव्हा, जिभेखाली ठेवतात ती नायट्रोग्लिसरिनची गोळीही शरीरात हाच वायू तयार करते.

अटॅकनंतर मेलेला हृदयाचा भाग पुन्हा वाढू शकतो का? बाबांसाठी विचारतेय.

तुझी घालमेल कळतेय गं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या टीमने 2009 मध्ये एक जबरदस्त युक्ती वापरली. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि 1963 नंतर तो कमी होत गेला, तर पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षाची खूण तिच्या डीएनएत राहते. त्यावरून कळलं की हृदयाच्या स्नायूपेशी विशीपंचविशीत वर्षाला साधारण 1 टक्का नव्या होतात, पंचाहत्तरीपर्यंत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अटॅकमध्ये कोट्यवधी पेशी जातात, त्या भरून यायला हा वेग पुरत नाही, म्हणून तिथे व्रण बनतो. स्टेम सेलपासून बनवलेल्या हृदयपेशी लावण्याचे प्रयोग सुरू आहेत, मोठी अडचण ही की नव्या पेशी सुरुवातीला आपल्याच तालात धडधडतात आणि ठोके बिघडतात. स्टेम सेलने हृदय नवं करून देतो असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नकोस. बाबांचा पंपिंगचा रिपोर्ट कमी असेल तर बीटा ब्लॉकर, एसजीएलटी2 इन्हिबिटर अशी औषधं आहेत, उरलेल्या स्नायूवरचा ताण ती कमी करतात. यातली कोणती त्यांना चालू आहेत आणि डोस वाढवायला वाव आहे का, एवढं पुढच्या तपासणीला त्यांच्या कार्डिओलॉजिस्टला विचार.