विहिरीतला लाल पट्टा

प्रश्न : आमच्या शेतात विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या मधोमध हातभर लाल मातीचा थर लागला. वरच्या दगडात पांढरे, चमकणारे खडे आहेत. हे जीवाश्म का? – एक शेतकरी, मोहोळ

उत्तर : दादा, ते खडे जीवाश्म नव्हेत. लाव्हारसातले वायूचे बुडबुडे निघून पोकळ्या उरल्या, पुढे झिरपत्या पाण्याने त्यांत झिओलाइट, क्वार्ट्झ असे स्फटिक भरले. तरी फेकू नका, सुंदर असतात.

लाल थर मात्र नीट बघा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. एक थर थंड झाला, ऊनपावसाने झिजून त्याची माती झाली. मग नवा लाव्हा येऊन तिच्यावर पसरला आणि माती भाजून निघाली. म्हणजे खालचा पाषाण आधीचा, वरचा नंतरचा, आणि मधला लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधला निवांत काळ. पहिल्यांदा असा पट्टा बघितला तेव्हा मी विहिरीतून वर यायलाच तयार नव्हतो!

जीवाश्म हवेत तर दोन थरांमधला तळ्याचा गाळ शोधावा लागतो. नागपूरजवळ टाकळीच्या अशा गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले आहेत. तुमच्या लाल थराखाली राखाडी, पातळ पापुद्र्यांचा दगड लागला तर सुरुंग थांबवा आणि आधी फोटो पाठवा.