जंगल म्हणजे दाट झाडी नव्हे

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. नववी-दहावीच्या मुलांना त्या पर्यावरणीय न्याय शिकवणार आहेत आणि त्यात आदिवासी समाज जमिनीकडे कसे पाहतात हेही आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. टिपणे काढताना त्या अडल्या : आदिवासी लिहावे, मूलनिवासी की वनवासी? शिवाय शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिले आहे की वर्गात मुले एकमेकांना 'जंगली' म्हणून चिडवतात, बातम्यांतला 'जंगलराज' त्यांच्या निबंधात येतो, तर त्यावर काही सांगता येईल का?

बाई, खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. आधीचे तीन शब्द आपण झटपट उरकू.

'वनवासी' नको. मराठीत वनवास भोगायचा असतो. तो शिक्षेचा शब्द आहे, आणि मुदत संपली की माणूस घरी परततो. जो पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरीच राहतो आहे त्याला वनवासी म्हणायचे, म्हणजे त्याचे खरे घर दुसरीकडे कुठेतरी आहे असे सुचवायचे. २००६ च्या वनहक्क कायद्यात 'वननिवासी' हा शब्द आहे, पण तो राहण्याचे ठिकाण सांगतो, समाजाचे नाव नव्हे. हे भांडण जुने आहे. १९४८ साली संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांनी हेच विचारले होते, की संविधानाच्या मसुद्याच्या भाषांतरांत 'बनजाति' का, 'आदिवासी' का नाही? त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. संविधानात 'अनुसूचित जमाती' आले, आणि 'आदिवासी' हा शब्द लोकांनी स्वतःच्या जोरावर टिकवला. तेवढ्यासाठी तरी तोच लिहा.

'मूलनिवासी' हा शब्द आपल्याकडे एका सामाजिक चळवळीने सगळ्या बहुजनांसाठी वापरला आहे, तेव्हा मुलांचा गोंधळ होईल. काही जण 'देशज' सुचवतात. तो व्याकरणात संस्कृतावरून न आलेल्या देशी शब्दांसाठी आधीच अडकलेला आहे, माणसांना लावू नये. एक गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगा. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या अशा समाजांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले, पण सोबत भूमिका अशी ठेवली की आमचे सगळेच नागरिक इथले मूळचे आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाला यातला पेच लगेच कळतो. आणि शक्य तिथे समाजाचे स्वतःचे नावच घ्या : माडिया, कोलाम, वारली, कातकरी. 'कोरकू' म्हणजे त्यांच्या भाषेत 'माणसे'. उत्तर ध्रुवाकडच्या 'इनुइट' या नावाचाही अर्थ तोच.

आता 'जंगली'.

'जंगलराज' हा शब्द रोज ऐकून माझे कान किटले आहेत. गुंडगिरी झाली की जंगलराज, खून पडला की जंगलराज. ही कल्पना मुळात आपली नव्हे, इंग्रजी वाक्प्रचार उचलून आणलेला आहे. जंगलात जिथे माणसे राज्य करतात तिथे काय चालते, ते गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात जाऊन पाहावे. तिथे ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते, एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलते, आणि २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते गाव होते. 'जंगलराज' कशाला म्हणायचे याचा बातमीदारांनी एकदा फेरविचार करावा.

पण त्याहून मोठी चूक 'जंगल' या शब्दातच दडली आहे. जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गर्द, ओली, अंधारी झाडी येते. संस्कृतात 'जङ्गल' आणि 'जाङ्गल' यांचा अर्थ जवळजवळ याच्या उलट आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात देशांचे तीन प्रकार सांगितले आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. ओला, पाणथळ, दाट झाडीचा तो आनूप. आणि जांगल? त्याचे पहिलेच विशेषण आहे 'पर्याकाशभूयिष्ठ', म्हणजे जिथे चहूकडे आकाशच आकाश आहे असा! खैर, धावडा, बोर, टेंभुर्णी, शमी अशी झाडे, कोरडा वारा, लावे आणि तित्तिर हिंडतात अशी जमीन, आणि दूरवर मृगजळ. जिथे मृगजळ दिसते ते जंगल! हे वाचल्यापासून उघडा माळ दिसला की माझ्या तोंडी हा शब्द येतो, आणि प्रत्येक वेळी तितकाच आनंद होतो.

कोणाला शंका असेल तर अमरकोश उघडावा. त्या जुन्या संस्कृत कोशातल्या वनौषधिवर्गाची पहिलीच ओळ आहे : 'अटव्यरण्यं विपिनं गहनं काननं वनम्'. अरण्याला सहा शब्द दिले, त्यांत जंगल नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने कुठे राहावे? 'जाङ्गलं सस्यसम्पन्नं', म्हणजे धान्याने समृद्ध अशा जांगल देशात. महाभारतातले कुरुजांगल हा तर राज्याचाच प्रदेश. जंगल ही राजाने वस्ती करायची, पीक काढायची, हरणे चरायची मोकळी जागा होती. जे विद्वान 'जंगल' हा शब्द फारसी म्हणून मोकळे होतात त्यांनी निदान चरक आणि मनू तरी चाळावेत. फारसीत तो आहे, पण इथून गेलेला आहे. आणि जे कोशकार 'जंगल : अरण्य, वन, रान' एवढे लिहून पुढच्या शब्दाकडे वळतात, त्यांच्याबद्दल तर माझी तक्रारच आहे. अर्थ उलटा झाला ही या शब्दातली सर्वांत मोलाची गोष्ट, आणि नेमकी तीच त्यांनी गाळली.

मग अर्थ उलटला कसा? माझे मत असे आहे, आणि ते मी अनेकांशी वाद घालून पक्के केले आहे, की तो वनस्पतींमुळे नव्हे, महसुलामुळे उलटला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या नॅथॅनियल हॅलहेड याने १७७६ साली हिंदू कायद्याचे इंग्रजी संकलन छापले. पंडितांनी संस्कृतात रचले, त्याचे फारसीत भाषांतर झाले आणि फारसीवरून इंग्रजी. त्यात जंगलाची व्याख्या अशी, की जमीन पाच वर्षे पडीक राहिली म्हणजे तिला जंगल म्हणतात. बघा, यात झाड नाही, प्राणी नाही, ओल नाही, कोरड नाही. आहे फक्त नांगर न लागणे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती जंगल. एकदा 'पिकाखाली नसलेली जमीन' हा अर्थ बसला, की उघडा माळ आणि घनदाट अरण्य एकाच रकान्यात जाऊन पडतात. मग त्या रकान्यातल्या सर्वांत ठळक गोष्टीने, म्हणजे दाट झाडीने, शब्दाचा ताबा घेतला. आणि त्या रकान्यात राहणारा माणूस? नांगर नाही, सारा नाही, म्हणून तोही 'जंगली'.

हा माझा तर्क ज्यांना पटत नाही ते म्हणतात की फारसीत आधीच अर्थ बदलला होता, कंपनीला दोष देऊ नका. ठीक आहे. पण महसुली दप्तर फारसीत चालायचे हे विसरून कसे चालेल? सारा वसूल करणारी भाषा तीच होती. माझा मुद्दा त्याने अधिकच बळकट होतो.

'रान'ची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, म्हणून ओझरती सांगतो. अरण्य, रण्ण, रान. वेदातल्या 'अरण' या शब्दाचा अर्थ परका, दूरचा, आणि अरण्य त्याच्याशीच जोडतात. मराठी शेतकऱ्याने मात्र त्या परक्या जागेला इतके आपले केले की तो 'रानात गेलो' म्हणतो तेव्हा स्वतःच्या शेतात गेलेला असतो. तरीही 'रानटी' ही शिवी उरलीच. रानमेवा, रानभाजी, रानफूल गोड, आणि त्याच रानातला माणूस रानटी! मुलांना हा विसंवाद तसाच फळ्यावर लिहून दाखवा.

आता याचा न्यायाशी संबंध काय, असे विचाराल. सगळाच आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला घ्यावा, मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाच्या अंगावर काटा यावा असे हे वाक्य आहे. वृक्षतोड त्याने पुष्कळ थांबली, हे खरेच. पण कोणत्या भाषेचा कोश? पूर्व विदर्भात महसुली नोंदींत 'झुडपी जंगल' नावाचा जमिनीचा प्रकार आहे. विरळ झुडपे, मध्ये गवत, गावाची गुरे चरायची जागा. चरकाला दाखवले असते तर त्याने क्षणात 'जांगल' म्हटले असते! त्या नोंदीत 'जंगल' हा शब्द होता, म्हणून ही जमीन कायद्याने वन आहे की नाही, हा वाद कित्येक वर्षे चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीन ठरवली आणि १९९६ च्या आधी रीतसर दिलेल्या जागांसाठी नियमित करण्याची वाट ठेवली. निकाल योग्य की अयोग्य हे मुलांना ठरवू द्या. एका शब्दावर किती घरांचे आणि किती कुरणांचे भवितव्य टांगलेले असते, हे मात्र त्यांना दिसू द्या.

उलट बाजूही तितकीच वाईट. जिथे 'जंगल' लिहिले गेले नाही तिथे 'पडीक' लिहिले गेले. मग त्या माळावर उत्साहाने वृक्षारोपण होते, खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावला जातो. माळढोकाची, काळविटाची, लांडग्याची जागा जाते आणि मेंढपाळाची चराई बंद होते. फोटोत सगळे हिरवे दिसते. पर्यावरण आणि पर्यावरणीय न्याय यांतला फरक मुलांना यापेक्षा चांगला कुठे दाखवता येणार? किती झाडे लावली हा पहिला प्रश्न. कोणाच्या जागेत, कोणाला विचारून, आणि त्याची झळ कोणाला, हा दुसरा. १९८२ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन काउंटीत विषारी माती पुरायला बहुसंख्य कृष्णवर्णीयांची वस्ती निवडली गेली, तेव्हा रस्त्यावर आडवे झालेल्या लोकांनी हा दुसरा प्रश्नच विचारला होता. ओडिशात नियमगिरीवर डोंगरिया कोंध लोकांना तो विचारण्याचा हक्क न्यायालयाने २०१३ साली मान्य केला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. नियमराजाचा डोंगर त्यांच्या लेखी देव आहे. 'साधनसंपत्ती' हा शब्द तिथे लागूच पडत नाही, आणि मुलांना हे सांगताना 'त्यांची अशी श्रद्धा आहे' म्हणून घाईने पुढे जाऊ नका. जमिनीशी नाते सांगणारी ती एक पूर्ण भाषा आहे.

आणखी एक शब्द तुमच्या टिपणात आलाच असेल : 'गौण वनोपज'. मोह, तेंदूपाने, डिंक, मध, बांबू. ज्यावर घर चालते ते गौण, आणि ज्याचा लिलाव होतो ते सागवान मुख्य! १९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येत बांबू हे झाड होते. वनस्पतिशास्त्राला तो गवत आहे हे ठाऊक होतेच, गावालाही होते. २००६ च्या कायद्याने त्याला वनोपजात घेतले, म्हणून मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ साली आपला बांबू आपल्या परवान्याने विकता आला. जुन्या कायद्यातली व्याख्या बदलायला २०१७ साल उजाडले. इतकी वर्षे एका गवताला झाड म्हटल्यामुळे ते कापणारा माणूस गुन्हेगार ठरत होता. तरीही 'गौण' हे विशेषण अजून आहे तिथेच आहे, आणि अभ्यासकही ते निमूटपणे लिहितात. तुम्ही लिहू नका, नुसते 'वनोपज' पुरे.

वर्गात करायचे ते इतकेच. मुलांना गावाच्या जमिनींच्या नोंदी, सातबारे मिळवायला सांगा. त्यात 'पडीक', 'गायरान', 'पोटखराब', 'झुडपी जंगल' असे शब्द सापडतील. प्रत्येक शब्दापुढे त्यांनी दोन रकाने भरावेत : हा शब्द कोणी लिहिला, आणि त्या जागेला तिथे जाणारी माणसे काय म्हणतात. दुसरा रकाना घरात बसून भरता येणार नाही. त्यासाठी गुराख्याला, लाकूडफाटा आणणाऱ्या बाईला, मेंढपाळाला विचारावे लागेल. जिथे कोणी गोंडी, माडिया, कोरकू बोलतात तिथे त्या भाषेतला शब्द तिसऱ्या रकान्यात, आणि तो सांगणाऱ्याकडूनच लिहून घ्यावा. लिपीची चूक चालेल, उच्चाराची नको.

'जंगली' वर बंदी मात्र घालू नका, ती मुले पाळणार नाहीत. तुमच्या शब्दार्थांच्या यादीत अशी नोंद घ्या. जंगल (सं. जाङ्गल) : विरळ झाडांचा, कोरड्या वाऱ्याचा, मोकळ्या आकाशाचा प्रदेश, नंतर, न नांगरलेली जमीन, हल्ली, अरण्य. अर्थांचा क्रम बदलू नका. आणि 'पर्याकाशभूयिष्ठ' हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून घ्या, पहिल्या फटक्यात कोणालाच जमत नाही.