सहकाऱ्यांच्या अभिप्रायावरून पगारवाढ ठरवावी का?

शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, वरिष्ठ, सहकारी, हाताखालचे अशा सगळ्यांचे अभिप्राय घेऊन पगारवाढ ठरवू का, असं तुम्ही विचारलंय. अभिप्राय जरूर घ्या, पण सुरुवातीला तरी तो पगाराला जोडू नका. पैसा मध्ये आला की माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, नाहीतर जुना राग काढतात. आमच्याकडे तेच झालं: सगळ्यांना पाचपैकी पाच, आणि एका कडक सुपरवायझरला दोन. माणूस कामाला एक नंबर होता, फार वाईट वाटलं.

‘स्वभाव कसा आहे?’ असं विचारूच नका. ‘कोअर ओला असेल तर हा मोल्डिंगवाल्याला वेळेत सांगतो का?’ असं विचारा. कोअर म्हणजे आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा; तो ओला असला तर कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल (वायूमुळे पडणारी भोकं) येतात. कोणी सांगितलं, कोणी नाही, हे साहेबाला केबिनमधून दिसत नाही, शेजारच्याला दिसतं.

हाताखालच्यांची मतं एकत्र करूनच दाखवा. तीनच माणसं असली तर कोण काय बोललं ते लगेच कळतं.

क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायावरच्या आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट घसरलेलं दिसलं. त्यामुळे नुसता कागद हातात देऊ नका. चहा घेत अर्धा तास बसा, सुधारायची एकच गोष्ट ठरवा आणि तीन महिन्यांनी परत विचारा.